तेच ते काम मॅक्रोकडे, सही मात्र आपल्याकडे

मंडळाचे काम म्हणजे नाटक, व्याख्यान, गणेशोत्सव आणि कोजागरी, असे सभासदांना वाटते. सचिवाला विचारले तर तो वेगळे सांगेल. त्याचा निम्मा वेळ याद्या तपासण्यात, तोच मजकूर पुन्हा पुन्हा चिकटवण्यात आणि ‘आम्हाला निमंत्रण मिळालेच नाही’ या तक्रारीला उत्तर देण्यात जातो. वर्गणीची आठवण, वर्गणीची पोच, कार्यक्रमाची सूचना, आदल्या दिवशीची आठवण, सभेची विषयपत्रिका, वाढदिवसाच्या शुभेच्छा. वर्षभर हीच सहा-सात पत्रे फिरून फिरून जातात, फक्त नाव आणि तारीख बदलते.

आपल्या इंदुरात मराठी संस्थांचा पसारा मोठा आहे. सानंद न्यासाचे एकच नाटक सभासदांच्या निरनिराळ्या समूहांसाठी ओळीने सादर होते. रामूभैया दाते समूह, राहुल बारपुते समूह अशी त्या समूहांची नावे आपल्याला पाठ आहेत. नाटक एक, पण वार, वेळ आणि प्रेक्षक वेगळे. ही झाली मोठी संस्था. सुदामा नगर किंवा लोकमान्य नगरातल्या लहान मंडळालाही आपल्या परीने हेच करावे लागते, आणि ते करणारी माणसे दोन-तीनच असतात, बहुधा साठीच्या पुढची. ती थकली की मंडळ थकते. म्हणून ई-मेल आणि कॅलेंडरमधले तेच ते काम यंत्राकडे कसे सोपवावे, याची माहिती येथे देत आहोत. आम्ही बी.कॉम. झालेली, बँकेत आयुष्य काढलेली माणसे. संगणकशास्त्र शिकलेलो नाही, त्यामुळे भाषाही व्यवहाराचीच वापरणार आहोत.

मॅक्रो म्हणजे काय?

बँकेत ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ असते. दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या बचत खात्यातून अमुक रक्कम आवर्ती ठेवीत टाका, असे खातेदार एकदाच लिहून देतो. पुढे दर महिन्याला त्याला यावे लागत नाही. मॅक्रो म्हणजे संगणकाला दिलेली स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. दहा पायऱ्यांचे काम एकदा क्रमाने सांगून ठेवायचे, त्याला नाव द्यायचे; पुढे ते नाव घेतले, किंवा ठरलेली वेळ झाली, की दहाही पायऱ्या आपोआप होतात.

कल्पना जुनी आहे. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रो होते. आपल्याकडे बँकांच्या यांत्रिकीकरणाचा डॉ. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन दिसू लागली. त्याआधी सहामाही आली की बचत खात्यांच्या व्याजाचे प्रॉडक्ट हाताने काढायचे, बेरजा जुळवायच्या, रात्री उशिरा घरी जायचे. ते काम यंत्राने घेतले तेव्हा कारकुनाची बुद्धी वाया गेली नाही, बोटे तेवढी मोकळी झाली. व्हाउचर पास करणारा अधिकारी मात्र तसाच राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या विवेचनाचे सार तेच आहे.

मॅक्रोच्या आधीच्या चार पायऱ्या

पुष्कळ काम मॅक्रोविनाच भागते. एक ओळही कोड न लिहिता पुढच्या चार सोयी वापरता येतात, आणि लहान मंडळाला बहुधा एवढ्या पुरतात.

पहिली सोय टेम्प्लेटची, म्हणजे छापील नमुन्याची. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ या भागात टेम्प्लेट चालू करावे. मग वर्गणीच्या पोचेचा मजकूर एकदाच लिहून ठेवता येतो आणि लागेल तेव्हा दोन क्लिकमध्ये पत्रात येतो.

दुसरी सोय फिल्टरची. आउटलुकमध्ये याला ‘रूल’ म्हणतात. विषयात ‘वर्गणी’ शब्द असलेली पत्रे एका कप्प्यात, सभागृहाशी चाललेला पत्रव्यवहार दुसऱ्या कप्प्यात, अशी वाटणी आपोआप होते. टपालखात्यातल्या सॉर्टिंगच्या खणांसारखेच हे आहे.

तिसरी सोय पुनरावृत्तीची. कॅलेंडरमध्ये ‘दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी १० वाजता कार्यकारिणीची सभा’ हे एकदा नोंदवले की वर्षभराच्या नोंदी होतात, आणि आठवणही दोन दिवस आधी येते.

चौथी सोय मेल मर्जची. वर्डमध्ये पत्र, एक्सेलमध्ये यादी आणि पाठवायला आउटलुक, असे तिघे मिळून प्रत्येकाला त्याच्या नावाचे स्वतंत्र पत्र पाठवतात. ‘सर्व सभासदांस’ या पत्रापेक्षा ‘ती. काकू’ हे पत्र आधी उघडले जाते, हा मनुष्यस्वभाव आहे.

मग मॅक्रो कशाला?

मेल मर्जला विचार करता येत नाही. यादीतल्या सगळ्यांना तो पत्र पाठवतो. ज्यांनी वर्गणी भरली त्यांना सोडा, ज्यांना याच महिन्यात आठवण गेली आहे त्यांनाही सोडा, उरलेल्यांनाच लिहा, अशी ‘जर-तर’ची भाषा आली की मॅक्रो लागतो.

दोन मार्ग आहेत. जुन्या, संगणकावर बसवलेल्या आउटलुकमध्ये व्हीबीए नावाच्या भाषेत मॅक्रो लिहितात. ऑल्ट आणि एफ११ दाबले की लिहिण्याची खिडकी उघडते, ऑल्ट आणि एफ८ दाबले की तयार मॅक्रोंची यादी दिसते. एक्सेलप्रमाणे ‘रेकॉर्ड’ करण्याची सोय मात्र आउटलुकमध्ये नाही. तेथे सूचना लिहाव्याच लागतात. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या नव्या आउटलुकमध्ये व्हीबीए चालत नाही. त्यामुळे आज नव्याने सुरुवात करणाऱ्या मंडळाने त्या वाटेला जाऊ नये असे आमचे मत आहे.

दुसरा मार्ग गूगलचा. सभासदांची यादी गूगल शीटमध्ये ठेवावी. त्याच शीटच्या ‘एक्स्टेन्शन्स’ या मेनूत ‘ॲप्स स्क्रिप्ट’ आहे. तेथे लिहिलेल्या सूचना शीट वाचतात, जीमेलमधून पत्र पाठवतात आणि कॅलेंडरमध्ये नोंदही करतात. विनामूल्य खात्यावर या मार्गाने दिवसाला १०० जणांनाच पत्र जाते, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी. ३०० सभासद असतील तर तीन दिवसांचे तीन हप्ते करावेत.

आधी यादी, मग सूचना

यादी नीट नसेल तर मॅक्रो चुका वेगाने करतो, एवढाच फरक पडतो. आमच्या मते शीटमध्ये निदान हे रकाने हवेत: मायना, नाव, ई-मेल, परिसर किंवा समूह, वर्गणी मिळाल्याची तारीख, स्थिती आणि ‘शेवटचे पत्र कधी गेले’.

आता वर्गणीच्या आठवणीचे काम यंत्राला मराठीत सांगून पाहू:

१. पहिली ओळ शीर्षकांची, ती सोड. दुसऱ्या ओळीपासून सुरुवात कर.
२. ‘स्थिती’ रकान्यात ‘चालू’ लिहिलेले नसेल तर ती ओळ सोड.
३. ‘वर्गणी मिळाली’ या रकान्यात तारीख असेल तर सोड.
४. ‘शेवटचे पत्र’ या रकान्यात याच महिन्याची तारीख असेल तर सोड.
५. उरलेल्यांसाठी मायना आणि नाव घालून पत्र तयार कर. पाठवू नकोस, ड्राफ्टमध्ये ठेव.
६. ‘शेवटचे पत्र’ या रकान्यात आजची तारीख लिही.
७. सगळ्या ओळी संपल्या की एकूण किती पत्रे तयार झाली ते सचिवाला कळव.

एवढे शब्दांत मांडता आले की खरे काम झाले. याचा कोड घरातला कॉलेजात जाणारा नातू अर्ध्या तासात लिहून देईल. चॅटजीपीटीसारख्या साधनालाही हेच सात मुद्दे दिले तर कोड मिळतो. मात्र तेथे खरी यादी चिकटवू नये. रकान्यांची नावे आणि दोन काल्पनिक ओळी पुरतात.

चौथ्या आणि सहाव्या पायरीकडे पुन्हा एकदा पाहावे. मध्येच इंटरनेट गेले आणि काम अर्धवट राहिले तर पुन्हा सुरू केल्यावर आधीच्या लोकांना दुसरे पत्र जाऊ नये, यासाठी त्या आहेत. बँकेत व्हाउचर खतावले की त्यावर शिक्का पडतो, म्हणजे तेच व्हाउचर दुसऱ्यांदा खतावले जात नाही. सहावी पायरी म्हणजे तो शिक्का.

सातवी पायरी म्हणजे ताळा. समजा, यादीत ३२० सभासद आहेत. २१० जणांची वर्गणी आली आहे, १५ जणांची स्थिती ‘चालू’ नाही, आणि कोणालाही या महिन्यात पत्र गेलेले नाही. मग पत्रे ९५ तयार व्हायला हवीत. ९६ झाली तर एक कोण, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ताळा जुळला की दुसरा, अगदी लहान मॅक्रो ते ड्राफ्ट पाठवून देतो. दोन मॅक्रो वेगळे ठेवण्याचे कारण बँकेतल्या मंडळींना सांगायला नको: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून पास करायची. पत्रे तयार करण्याचे बटण सहसचिवाने दाबावे, पाठवण्याचे सचिवाने.

तिथीचा पेच

कॅलेंडरमध्ये ‘दर वर्षी’ असे निवडले की यंत्र तीच इंग्रजी तारीख धरते. वाढदिवसाला ते ठीक आहे. आपले बहुतेक सण आणि कार्यक्रम मात्र तिथीचे. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून सण दर वर्षी साधारण ११ दिवस मागे सरकतो; मग अधिक मास आला की एकदम पुढे येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. ‘दर वर्षी’ या साध्या खुणेत हे बसत नाही.

इंदुरात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गाठ आहे. आपण महाराष्ट्राच्या रीतीने अमान्त महिने मानतो, म्हणजे आपला महिना अमावास्येला संपतो. आपले हिंदीभाषक शेजारी पौर्णिमान्त महिने मानतात, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो. वद्य पक्षात मात्र त्यांचा महिना एकाने पुढे असतो. ज्या दिवशी राजवाड्यावर गेर निघते ती रंगपंचमी आपल्यासाठी फाल्गुन वद्य पंचमी, त्यांच्यासाठी चैत्र कृष्ण पंचमी. देवी अहिल्याबाईंची पुण्यतिथी मराठी लेखनात श्रावण वद्य चतुर्दशी आणि येथील हिंदी निमंत्रणात भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. दिवस एकच, पालखी एकच, नावे दोन. त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरवडाभर आधी सुरू होतो. पितृपक्ष आपला भाद्रपदातला, त्यांचा आश्विनातला.

कितीतरी घरांत एका भिंतीवर कालनिर्णय आणि दुसऱ्या भिंतीवर जबलपूरचे लाला रामस्वरूप पंचांग असते. ते पाहणाऱ्या आजीला हा फरक सांगावा लागत नाही. यंत्राला सांगावा लागतो. इंटरनेटवरून उचललेली तिथींची यादी कोणत्या पद्धतीची आहे हे न पाहता कॅलेंडरमध्ये भरली, तर वद्य पक्षातली श्राद्धतिथी अख्खा महिना चुकू शकते. वडिलांच्या तिथीची आठवण चुकीच्या दिवशी आली, तर ती न आलेली बरी.

यावर उपाय साधा आहे. तिथीचे गणित मॅक्रोवर सोपवू नये. पाडव्याच्या सुमारास दोन जाणत्या माणसांनी पंचांग समोर ठेवून वर्षभराचा तक्ता करावा. त्यात सण किंवा कार्यक्रम, आपली तिथी, हिंदी पंचांगातील तिथी आणि इंग्रजी तारीख असे चार रकाने असावेत. एकाने वाचावे, दुसऱ्याने टिक करावी. मग मॅक्रोने त्या तक्त्यातली प्रत्येक तारीख कॅलेंडरमध्ये नोंदवावी, तिच्या १५ दिवस आधी सभागृहाची, ७ दिवस आधी निमंत्रणाची आणि १ दिवस आधी सभासदांची आठवण लावावी. एका तक्त्यातून शंभरएक नोंदी मिनिटाभरात होतात. पुढच्या वर्षी फक्त तक्ता बदलायचा, मॅक्रो तोच.

संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ पाठवायची असेल तर इंदूरचीच घ्यावी. मुंबई आणि इंदूर यांच्या रेखांशात सुमारे ३ अंशांचा फरक आहे, म्हणजे नुसत्या त्यानेच साधारण १२ मिनिटांचा. उपाशी माणसाला १२ मिनिटे कमी नसतात.

सावधगिरी

मॅक्रो चांगल्या माणसाचे काम करतो, तसे वाईट माणसाचेही. मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा विषाणू जगभर पसरला. तो वर्डच्या फाइलमधला मॅक्रोच होता. फाइल उघडली की तो आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःच पत्र पाठवी, आणि ओळखीच्या माणसाचे पत्र म्हणून ती माणसेही उघडत. पुढे २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. तेव्हा पेन्शन, हयातीचा दाखला किंवा केवायसी यांच्या नावाने आलेल्या फाइलीने ‘मॅक्रो चालू करा’ असे सांगितले, तर करू नये. कोणत्याही बँकेला आपल्याकडून त्याची गरज नसते.

आपल्या स्वतःच्या मॅक्रोसाठी चार नियम पुरेत. पहिली चाचणी स्वतःच्याच पत्त्यावर घ्यावी. एकच पत्र अनेकांना पाठवताना पत्ते बीसीसीमध्ये टाकावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. यादीची प्रत दर महिन्याला वेगळी जपून ठेवावी. आणि मॅक्रो मंडळाच्या खात्यावर लिहावा, सचिवाच्या खाजगी खात्यावर नव्हे.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. ॲप्स स्क्रिप्टमध्ये ठरावीक वेळी चालणारे काम ज्याने लावले त्याच्या खात्यावरून चालते. सचिव बदलला, मुलाकडे पुण्याला किंवा अमेरिकेला गेला, की पत्रे त्याच्याच नावाने जात राहतात किंवा एक दिवस बंद पडतात, आणि का बंद पडली ते कोणालाच कळत नाही. म्हणून एका कागदावर मराठीत लिहून ठेवावे: कोणता मॅक्रो, काय करतो, कधी चालतो, कसा थांबवायचा. शाखेचा चार्ज देताना किल्ल्यांची नोंद होते, तशी ही नोंद दप्तरात असावी.

जे यंत्राला देऊ नये

स्थितीच्या रकान्याला आम्ही एवढे महत्त्व देतो त्याचे कारण सांगायला हवे. सभासद गेला, यादीत बदल झाला नाही, आणि वर्षश्राद्धाच्या आधीच घरी ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आपणास दीर्घायुष्य लाभो’ असे पत्र आले, असे अनेक संस्थांकडून घडते. पती गेल्यावर त्या बाईंना ‘सौ.’ असे छापून येत राहते. यंत्राला वाईट वाटत नाही, वाचणाऱ्याला वाटते. असे एक पत्र वर्षभराच्या चांगल्या कामावर पाणी फिरवते.

त्यामुळे निधनाची बातमी कळली की त्याच दिवशी स्थिती आणि मायना बदलणे, ही एका ठरलेल्या माणसाची जबाबदारी असावी. मायना तर ज्याचा त्याला विचारूनच लिहावा. शोकसंदेश, आजारपणाची चौकशी, ऐंशी ओलांडलेल्या सभासदाला कार्यक्रमाचे बोलावणे, आणि सलग दोन वर्षे वर्गणी न भरलेल्याची विचारपूस, ही कामे मॅक्रोला देऊ नयेत. वर्गणी न येण्यामागे कधी विसर असतो, कधी अडचण असते, कधी रुसवा. ते पत्राने कळत नाही, फोनने कळते, आणि घरी जाऊन पोहे खाल्ले तर नक्कीच कळते.

यंत्राने वाचवलेला वेळ याच कामासाठी आहे. सचिवाचे महिन्याचे आठ तास वाचले आणि त्यातल्या दोन तासांत त्याने दहा घरी फोन केले, तर मॅक्रो सार्थकी लागला.

सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात फक्त यादी एका शीटमध्ये आणावी, मायना आणि स्थिती हे दोन रकाने भरावेत. पुढच्या आठवड्यात पोचेचे टेम्प्लेट करावे. तिथींचा तक्ता पाडव्याला. मॅक्रो त्यानंतर, आणि तोही आधी एकाच पत्राचा. ज्या मंडळांना यादीचा किंवा तक्त्याचा कोरा नमुना हवा असेल त्यांनी कार्यालयात कळवावे. रविवारी सकाळी आम्ही दोघे-तिघे निवृत्त बँकवाले तेथे असतो, शेजारी बसून करून दाखवू.